डाव्या अंगाचा बैल

पिंपळगाव राजाच्या शेषरावांचा कडूबा लहानपणापासून अर्धा घरात आणि अर्धा आणखी कुठे तरी राहत असे. घरातला अर्धा कडूबा जेवायचा, शाळेत जायचा, मार खायचा. दुसरा अर्धा कुठे असतो याचा पत्ता त्याच्या आईला, वच्छलाबाईला, सुद्धा नव्हता. ताटात भाकरी वाढून ती त्याच्याकडे बघत बसे. हा घास हातात धरून दाराबाहेरच्या उन्हाकडे असा पाही, की उन्हातून कोणी तरी त्याला भेटायला येत असावं.

"कडू, कोठी गेला रे माह्या बाप्पा?" ती विचारी.

"इथंच त हावो, माय," तो म्हणे, आणि घास कानाकडे नेई.

असा मुलगा शेताच्या काय कामाचा? डवरणीला, म्हणजे ओळींतलं तण काढणारा डवरा चालवायला, पाठवला तर तो कपाशीच्या ओळींकडे बघत राही आणि बैल आपले आपण बांधापर्यंत जाऊन, आपले आपण वळून परत येत. शेषरावांचं म्हणणं असं, की बैलांना डवऱ्यामागे माणूस लागतो तो वळायला सांगण्यासाठी नव्हे, शोभेसाठी. आणि कडूबा तेवढाही शोभत नाही.

मॅट्रिकची परीक्षा दोनदा देऊन झाल्यावर शेषरावांनी त्याला बैलबंडीत कापसाबरोबर बसवून खामगावला नेला. माल विकेपर्यंत त्यानं बंडीपाशी थांबायचं होतं. बंडी राहिली जागेवर, कडूबा एका शाळेच्या खिडकीशी सापडला. आत दहाबारा मुलं डोळे मिटून, हात पुढे करून, संथ संथ चालत होती. कोणी कोणावर आपटत नव्हतं. पाण्याच्या तळाशी गवत हलावं तशी ती सगळी हलत होती. कडूबाला वाटलं, आपला दुसरा अर्धा रोज जातो ते ठिकाण हेच.

नवं राज्य होऊन चारपाच वर्षं झाली होती. राज्य नवं असलं की सगळ्यांना काही ना काही शिकवावं असं सरकारला वाटतं. कोणाला संकरित ज्वारी, कोणाला कुटुंबनियोजन. त्याच लाटेत खामगावला नाटकाचा वर्ग निघाला होता. उन्हाळ्यात सुरू होऊन पोळ्यापर्यंत चालणारा, फुकट, दुपारचं जेवण धरून. शेवटच्या दोन शब्दांवर शेषराव विरघळले. "घरची एक भाकर त वाचन," म्हणाले, आणि पोरगा तिथेच ठेवून रिकामी बंडी घेऊन गावी परतले.

वर्ग घेणारे खरवडीकर सर पुण्याचे. बारीक, लांब, काळी घट्ट विजार घातलेले. उभे राहिले की छत्री भिंतीला टेकवून ठेवल्यासारखे दिसत. नाटक शिकायला आलेल्या पोरांना वाटलं होतं, आता तलवारी मिळतील, मिशा मिळतील, लांबलचक भाषणं मिळतील. देऊळगाव राजाहून आलेला दयाराम तर तीन भाषणं पाठ करूनच आला होता. त्याचा आवाज इतका मोठा, की बालाजीच्या देवळात नुसता नमस्कार केला तरी पुजारी दचकत. सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "पोळ्यापर्यंत नाटकात कोणी एक शब्द बोलायचा नाही. जीभ घरी ठेवून यायची. आपण शरीरानं बोलायला शिकणार आहोत."

दयारामचा चेहरा वारलेल्या माणसाच्या घरून आल्यासारखा झाला.

मग सुरू झालं ते शिक्षण. नसलेल्या खुर्चीवर बसायचं. नसलेला दोर ओढायचा. नसलेल्या वाऱ्यात, जागेवरून न हलता, मैलभर चालायचं. पोरांच्या पोटऱ्या रात्रभर ठणकत. सकाळी उठून ती असलेल्या खुर्चीवरसुद्धा जपून बसत.

एक दिवस सर म्हणाले, "तुमच्यासमोर भिंत आहे. तिला हात लावा."

सगळ्यांनी हात लावले. सगळ्यांच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत. कडूबाचा हात मात्र जरा खडबडत वर गेला, एका जागी पोपडा निघाला तिथं बोटं थबकली, पोपडा त्यानं हळूच परत दाबून बसवला. आणखी वर कोनाडा लागला. कोनाड्यात बोटं घालून त्यानं काडेपेटी काढली, हलवून पाहिली, आणि रिकामी निघाली म्हणून परत ठेवली.

सरांनी जवळ येऊन त्या कोनाड्यात डोकावून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "कुणाची भिंत ही?"

"आमच्या स्वयपाकघराची, सर."

"आणि काडेपेटी रिकामी का?"

"माय रिकामी पेटीच ठेवते, सर. भरलेली लपवते. बाबा बिड्या पेटवतात ना."

त्या दिवसापासून कडूबाचं भाग्य उजळलं आणि वागणं बिघडलं. जन्मभर ज्या गोष्टीसाठी तो मार खात आला, ती इथे कोणी तरी शाबासकी देऊन करून घेत होतं. नसलेल्या वस्तू त्याच्याभोवती गोळा होऊ लागल्या. रस्त्यानं जाताना तो नसलेल्या डबक्यांना वळसा घाली. दुपारी वर्गाच्या ओसरीवर नसलेल्या झोक्यावर बसून इतका हळू हळू झुले, की बघणाऱ्याला पेंग येई. जग एका पातळ धोतरासारखं झालं होतं. त्याच्यातून पलीकडचं दुसरं जग दिसत होतं, आणि कडूबाला त्यातलं कोणतं आपलं, हे ठरवायची घाई नव्हती.

आषाढात सरांनी आठवड्याची सुट्टी दिली आणि काम दिलं. प्रत्येकानं एक जनावर निवडायचं आणि त्याच्याजवळ राहून ते अंगात भिनवायचं. कोणी मांजर घेतलं, कोणी कोंबडा. संग्रामपूरचा भाऊराव, शाळामास्तरांचा मुलगा, म्हणाला की आमच्या घरी जनावर नाही, ढेकूण चालतील का? कडूबानं काही विचारलं नाही. त्याचं ठरलेलं होतं.

शेषरावांच्या गोठ्यात पाखऱ्या नावाचा बैल होता. पांढरा, पाठीवर करडी छटा, वयानं पोक्त. कडूबा गोठ्यात गेला आणि त्याच्यासमोर बसून राहिला. पहिल्या दिवशी पाखऱ्यानं त्याला हुंगलं. दुसऱ्या दिवशी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी पाऊस धरून आला, गोठ्यात निळसर काळोख पसरला, आणि पाखऱ्याच्या रवंथाच्या संथ आवाजात कडूबाला आपला श्वास जड, ओला आणि मोठा होत गेल्यासारखा वाटला. त्याच्या ध्यानात आलं, की पाखऱ्याची मान नेहमी थोडी डावीकडे झुकलेली असते. उठताना तो आधी फुस्स करतो, मग उजव्या डोळ्यानं शेजारी बघतो, कोणी असो वा नसो, आणि मगच पाय टाकतो. कडूबा तसा बघायला लागला. कातडीवर माशी बसली की तेवढीच जागा थरथरवायचं जमेना. दोन दिवसांत तेही थोडं जमलं. बैलाला काय वाटत असेल, याचा त्याला शोध लागला. काही वाटत नाही. फक्त संध्याकाळ असते, आणि ती फार मोठी असते.

वच्छलाबाई शेण काढायला आली, तर बैल रवंथ करतोय आणि त्याच्यासमोर मुलगाही डोळे मिटून रवंथ करतोय. ती तशीच उभी राहिली. मग पाटी खाली ठेवून म्हणाली, "कडू, तुले काही पाह्यजे का रे? भाकर देऊ का कडबा?"

शेजारच्या गुलाबरावांनी एवढ्यावर ठेवलं नाही. ते चावडीवर सांगत आले, "शेषराव, तुमचा पोट्टा काल बांधावर वाऱ्याले टेकून उभा होता. मी सोताच्या डोयानं पाह्यला. वारा सरकला असता त पडला असता."

शेषराव तरातरा घरी आले. कडूबा अंगणात दोन्ही तळवे हवेत टेकवून उभा.

"काऊन बे, हे का करून राह्यला?"

"भिंत करून राह्यलो, बाबा."

"अन् गोठ्याची पडली ते कोन करन?"



त्याच आठवड्यात खरवडीकर सर स्वतः एसटीनं पिंपळगावला आले. ओसरीवर त्यांनी गुळाचा चहा घेतला, तो नक्की संपेल अशा बेतानं घोट घोट घेतला, आणि सांगितलं की कडूबानं पुण्याला दोन वर्षं शिकायला यावं. राहण्याची सोय होईल. असा विद्यार्थी आपण पाहिला नाही.

"शिकून का होईन?" शेषरावांनी विचारलं.

 हा प्रश्न सरांना त्यांच्या वडिलांनीही विचारला असावा. "तो जे दाखवील ते लोकांना दिसेल," ते म्हणाले.

"लोकाइले म्हंजे? पुण्याच्या?"

"कुठल्याही."

शेषरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. निकाल द्यायचा असला की ते असं करत. "मंग असं करा, सर. पोळ्याच्या करीले तुमचं नाटक आमच्या गावात करा. माह्या लोकाइसमोर. लोकाइले बैल दिसला त पोट्टा तुमचा. पोट्टाच दिसला त डवरा धरन, अन् पुन्हा हे नाव काढायचं नाही. कबूल?"

कडूबानं सरांच्या आधी मान हलवली. मग त्याच्या ध्यानात आलं. पुण्याचे लोक परवडले, त्यांना बैल कुठे माहीत असतो! इथे प्रेक्षकांत बसणारा माणूस कालपरवाच बैल धुऊन, खांद्याला हळद-लोणी चोळून, त्याला पुरणपोळी भरवून आलेला असणार.

वर्गात नाटक बसलं. त्यात शब्द नव्हते, सामान नव्हतं. दोन बैल, एक गाडीवाला, एक बंडी आणि चिखल. पैकी बंडी आणि चिखल नव्हतेच. बंडी रुतते, गाडीवाला मारतो, रागावतो, थकतो, शेवटी रडतो, आणि बैल त्याची कीव येऊन बंडी ओढून काढतात. गाडीवाला दयाराम. त्याच्या तोंडातून एकही आवाज बाहेर पडायचा नव्हता, त्यामुळे सगळा आवाज त्याच्या गळ्यातल्या शिरांत जाऊन बसे. दुसरा बैल भाऊराव. त्यानं बैल जवळून कधी पाहिला नव्हता. त्यानं हेडमास्तर पाहिले होते. दोन्ही हात मागे, पोट पुढे, वर्गावरून नजर फिरवत येणारा तो बैल सरांना आवडला. म्हणाले, जोडीत एक विचारवंत पाहिजेच.

बंडी लोकांच्या डावीकडून उजवीकडे जाणार. म्हणजे जोडीतला उजवा बैल लोकांच्या जवळ. सरांनी साहजिकच कडूबाला उजवीकडे जुंपला.

"सर, याचं डोकं माह्या कानात घुसते," भाऊराव तालमीत कुरकुरे. कडूबाची मान डावीकडे झुकायची आणि डावीकडे भाऊराव होता.

"घुसू दे," सर म्हणत. "सोबत्याबद्दलची माया आहे ती."

 कडूबा तालमीला उभा राहिला की त्याच्या कानात तो निळा गोठा भरून यायचा आणि त्याला कोणाचं बोलणं लांबून, पलीकडच्या शेतातून आल्यासारखं ऐकू यायचं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, करीला, बैलांना सुट्टी, माणसांना सुट्टी. दिवस कलता मारुतीच्या पारासमोर सगळं गाव जमलं. पाऊस नुकताच थांबलेला. ढगांच्या खालून तिरपं पिवळं ऊन आलं होतं आणि बैलांच्या शिंगांवरचा बेगड गल्लीगल्लीत चमकत होता. पुढे पोरं, मग बाया, मागे धोतरं. शेषराव एका बाजूला, टोपी गुडघ्यावर.

जोडी पारावर आली. लोक हसले. हसणारच होते. शेषरावांचा कडूबा आणि एक परका पोरगा वाकून चालतायत, मागे तिसरा नसलेली टोकदार पराणी धरून. "अय कडू, शेपूट घरी इसरला का बे?" कोणी तरी ओरडलं.  कडूबानं मान डावीकडे सोडली, फुस्स केलं, कातडी थरथरवली, आणि पाय चिखलात टाकला. आत्तापर्यंत कडूबा होता. त्या पावलापासून संध्याकाळ मोठी होत गेली.

हसणं हळूहळू विरलं. बंडी रुतली. दयाराम पराणी टोचत होता. बैल जोर लावत होते, सुटत होते, पुन्हा लावत होते.  सर पाराशेजारच्या कडुलिंबामागे उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. जमलं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात गुलाबराव उठले.

"शेषराव! तुमचा पाखऱ्या उजव्या अंगाले काऊन जुंपला हो?"

सगळं गाव मान वळवून शेषरावांकडे बघायला लागलं, आणि मग पुन्हा जोडीकडे. बैलाची एक बाजू ठरलेली असते. डाव्या अंगाला शिकलेला बैल जन्मभर डाव्या अंगाला चालतो, मान बाहेर टाकून. तो उजवीकडे जुंपला तर ती मान सोबत्याच्या अंगावर येते आणि दोघांचाही जोर वाया जातो. पिंपळगावातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. कडूबा मात्र पाखऱ्याला ओळखत होता तो गोठ्यातला, एकटा. शेतात तो त्याच्या मागे वर्षानुवर्षं चालला होता, पण बघत होता दुसरीकडेच.

"पाखऱ्याच हाय तो," मागून कोणी म्हणालं. "पाह्य ना मान."

"अशानं बंडी निंघत नसते. जलमभर नाही निंघत."

"निंघते," म्हातारे नारायणराव म्हणाले. "माह्या बापाचा बैल दोन्ही अंगाले चाले."

"तुमचा बाप बी दोन्ही अंगाले चाले!"

हशा झाला, पण पारावरच्यांवर नव्हे. "अय गाडीवाल्या," एक बाई दयारामवर कडाडली, "मारून काय राह्यला मुक्या जीवाले? तूच आंधळा हाय ना!" दयारामच्या घशात तिन्ही भाषणं दाटून आली. त्यानं ती गिळली आणि लिंबाकडे बघितलं. सर हातानं सांगत होते, चालू ठेवा, चालू ठेवा.

कडूबाला सगळं ऐकू आलं. लांबून नाही, अगदी कानाशी. आपण काय चूक केली हे त्याला कळलं. स्वतःच्या घरचा बैल कोणत्या बाजूला चालतो हे माहीत नसलेला पोरगा. आता बाप सगळ्यांसमोर हेच म्हणणार.

शेषराव उठले. गर्दीनं वाट दिली. पारापाशी त्यांनी वहाणा काढल्या, वर चढले आणि कडूबासमोर उभे राहिले. कडूबाला दिसत होते ते त्यांचे पाय, भेगाळलेले, चिखल वाळलेले. त्याला उठून उभं राहावंसं वाटलं. बाबा, मी हावो, चुकलं, असं म्हणावंसं वाटलं. एवढं म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. डवरा, कपाशी, दोन वेळची भाकर.

त्यानं फुस्स केलं. मग उजव्या डोळ्यानं शेजारी पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

"हो, हो," शेषराव म्हणाले, त्या आवाजात, जो घरात माणसांसाठी ते कधी वापरत नसत. त्यांचा हात कडूबाच्या कपाळावर आला, दोन्ही डोळ्यांच्या मधून खाली फिरला. दुसऱ्या हातानं त्यांनी गळ्याखालचं पट्ट्याचं जोतं सोडलं. मग जू उचललं. चांगलं जड होतं ते, त्यांच्या दंडाच्या शिरा वर आल्या. "सरक रे बाप्पा," ते भाऊरावला म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून त्याला उजवीकडे घेतलं. त्या खांद्यावर हात ठेवताना त्यांनी हा कोणाचा, कुठला, काही विचारलं नाही. जुवाखाली होता तेवढं पुरे झालं. कडूबाच्या नाकाजवळ वेसण धरून त्यांनी त्याला डाव्या अंगाला नेलं. जू बसवलं. जोतं आवळलं. एक बोट आत घालून फार घट्ट तर नाही ना, पाहिलं.

मग दयारामच्या हातातून पराणी काढून घेऊन फेकून दिली. ती पडली तिथली दोन पोरं पाय आखडून बसली.

"चाल, पाखऱ्या."

कडूबानं मान डावीकडे सोडली. मान मोकळ्या हवेत गेली, आणि खांदा आपोआप जुवात जाऊन बसला. कधी नव्हे तो जोर त्याच्या पाठीतून टाचेपर्यंत सरळ उतरला. शेजारी हेडमास्तरही वाकले. काही तरी मागे, फार जड, आधी थरथरलं, मग कलंडलं, आणि चिखलानं ते नाइलाजानं सोडलं.

जोडी पार उतरून लोकांत शिरली. हे तालमीत नव्हतं. पण बंडीला गती आली होती आणि कडूबाला थांबावंसं वाटेना. लोक उठून बाजूला झाले. बायांनी चाकाखाली येतील म्हणून लेकरं ओढून घेतली. नारायणराव काठी टेकत मागे सरले आणि बंडी पुढे गेल्यावरच पुन्हा जागेवर आले. पिवळ्या उन्हातून ती बंडी, लाकूड नसलेली, चाक नसलेली, गावाच्या मधोमध रुंद वाट पाडत गेली, आणि ती गेल्यावरही काही वेळ ती वाट कोणी ओलांडली नाही.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बंडीला कोण टाळ्या वाजवतं?

घरी आल्यावर शेषराव ओसरीवर बसले. सर एका टोकाला, कडूबा दुसऱ्या. भाऊराव आणि दयाराम आत पोळ्या खात होते, आणि दयाराम इतक्या महिन्यांनी आपली भाषणं म्हणत होता, त्यामुळे बाहेर कोणाला काही बोलायचं झालं तरी वाट पाहावी लागत होती.

वच्छलाबाई दारात आली. तिनं नवऱ्याकडे सरळ पाहिलं. "मंग? दिसला का बैल?"

"नाही," शेषराव म्हणाले.

कडूबानं मान खाली घातली.

"बैल म्हंजे कोनताही बैल. कोनताही बैल मले काही दिसला नाही." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "पाखऱ्या दिसला. आता त्याले मी नाही कसं म्हनू? पन सर, याले तिथं नेसान त एक करा. गोठ्यात बसून नोका शिकवू. जनावर कामात पाह्याले लावा."

"लावीन," सर म्हणाले.

"अन् तू," शेषराव मुलाला म्हणाले, "डवरणी उरली हाय खालच्या वावरात. ते उरकून जाय. बैलाच्या मागून चालजो, अन् पाहात चालजो."

"हो, बाबा," कडूबा म्हणाला, आणि या वेळी तो सगळाच्या सगळा ओसरीवर होता.